ताई, नोकरी सोडू का? मिनिस्ट्री (ख्रिस्ती सेवाकार्य) सुरू करायला निघालेल्या एका भावाला

पत्र आलंय चिंचवडहून, थोडं कमी करून देते:

"ताई, सलाम. मी ३१ वर्षांचा, मूळ नगर जिल्ह्यातला, भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. सात वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ बघतोय. लातूर, बीड, जालन्याकडून एमआयडीसीत कामाला आलेली मराठी पोरं, कॉट बेसिसवर राहतात, तिसरी शिफ्ट करून येतात आणि दिवसभर झोपतात, त्यांना कुणी नाही. त्यांच्यात सेवा करायचं ओझं दीड वर्षापासून मनात आहे. मिनिस्ट्रीचं नाव ठरलंय, मित्राने लोगो करून दिला, यूट्यूब चॅनल उघडलंय. मोशीत एक हॉल बघितलाय, महिना १८ हजार, रविवारी सकाळी दहाला उपासना घ्यायचा विचार आहे. मंडळीच्या पाळकसाहेबांना (पास्टरना) सांगितलं तर 'बघू' म्हणाले आणि तेव्हापासून जरा तुटकच वागतात. बाहेरच्या देशातले एक भाऊ दर महिन्याला मदत पाठवायला तयार आहेत. नोकरी सोडून पूर्णवेळ उतरावं असं वाटतंय. बायकोचा विरोध नाही. एक वर्षाचा मुलगा आहे. मार्गदर्शन करा."

भावा, सलाम.

पत्र वाचलं, दुसऱ्या दिवशी परत वाचलं. तुला तू म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. पहिलं हे सांगते की तुझं ओझं मला खरं वाटतंय. तू "तरुणांमध्ये सेवा" असं मोघम लिहिलं नाहीस, कॉट बेसिस लिहिलंस, तिसरी शिफ्ट लिहिलीस, दिवसभर झोपतात हे लिहिलंस, म्हणजे तू त्या पोरांकडे नीट बघितलंयस. देव ज्याला बोलावतो त्याला आधी माणसं दिसायला लागतात, असं मी तरी इतक्या वर्षांत बघत आलेय. म्हणून तुला थांबवायचं माझ्या मनात नाही. पण तुझ्या पत्रात नाव आहे, लोगो आहे, चॅनल आहे, हॉलचं भाडं आहे, आणि त्या पोरांपैकी किती जण तुला नावाने ओळखतात ते कुठेच नाही. चार आहेत का? दोन तरी? मला ते आधी वाचायचं होतं.

आता हे बघ. तू उपासना ठेवलीस रविवारी सकाळी दहाला. भोसरी, पिंपरी, चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी असते गुरुवारी, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, तू रोज तिथेच जातोस. मग रविवारी दहाला तो जालन्याचा पोरगा एकतर मशीनवर उभा असेल नाहीतर रात्रपाळी करून आडवा झालेला असेल, तुझ्या हॉलमध्ये तो कसा येणार? येतील ती आपल्याच मंडळ्यांमधली शनिवार-रविवार सुट्टीवाली मुलं, गिटार वाजेल, गर्दी दिसेल, तुला बरं वाटेल, आणि वर्षभराने लक्षात येईल की ज्यांच्यासाठी निघालो ते आलेच नाहीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन मंडळ्यांचे तरुण संघ मात्र ओस पडलेत. पाळकसाहेब "बघू" म्हणाले त्यात हीच भीती असू शकते, त्यांना तसं तोंडावर बोलता आलं नसेल. हे सगळं एका वाराने होतं बघ, रविवार तू आपल्या सवयीने ठरवलास, त्यांना विचारून ठरवला असतास तर गुरुवार निघाला असता.

बायबलमधला नहेम्याचा दुसरा अध्याय काढ. यरुशलेमेला पोहोचल्यावर तो तीन दिवस गप्प आहे, मग रात्री उठून थोडीच माणसं बरोबर घेऊन शहराचा तट कुठे कुठे पडलाय ते बघत फिरतो, एका ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाटच नसते. देवाने मनात काय घातलंय ते त्याने तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, याजकांनाही नाही आणि अधिकाऱ्यांनाही नाही. आधी पडझड बघितली आणि मग "चला बांधू" म्हणाला. तुझं उलट झालंय, तू जाहीर आधी केलंस. होतं असं, बिघडलं काही नाही, पण चॅनल सहा महिने बंद ठेव आणि ते सहा महिने फक्त फिर.

फिर म्हणजे काय ते सांगते. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका बाईचा मुलगा आजारी होता म्हणून दिघीला त्याच्या खोलीवर गेले होते. दहा बाय बाराची खोली, चार कॉट आणि राहणारे सात, शिफ्टप्रमाणे एक उठला की दुसरा त्याच गादीवर. दोरीवर युनिफॉर्म वाळत होते, धुतले होते तरी मशीनच्या कूलंटचा वास खोलीभर होता. खिडकीत मेसचे डबे पालथे घातलेले. मी बिस्किटं आणि पेज घेऊन गेले होते, अर्धा तास बसले, तर एक पोरगा हळूच मोबाईल घेऊन जवळ आला, म्हणाला काकू तुम्हाला हे पीएफचं कळतं का, आधारवरचं नाव आणि कंपनीतलं नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकलेत, ठेकेदार बदलला आणि आधीचा फोन उचलत नाही. मला काही कळत नव्हतं, पण कळणाऱ्या एका माणसाचा नंबर दिला. मग दुसऱ्याने काढलं, मग तिसऱ्याने. निघताना दारात एकजण म्हणाला, तुम्ही चर्चवाल्या ना, मग माझ्या आईसाठी प्रार्थना कराल का, तिकडे गावाकडे तिचं डायलिसिस चाललंय. चपला घालता घालता तिथेच उभं राहून प्रार्थना केली, बाकीचे पण उठून उभे राहिले, सांगावं लागलं नाही कुणाला.

तू क्वालिटीत आहेस, एचआरवाल्यांशी तुझी ओळख असणार, यूएएन (पीएफचा नंबर) म्हणजे काय आणि नाव दुरुस्तीचं जॉइंट डिक्लरेशन कसं भरतात हे तू एका संध्याकाळी शिकून घेशील. गुरुवारी संध्याकाळी एका खोलीवर जा, फॉर्म भरून दे, चहा पी, ऐकून घे. कुणी प्रार्थनेला म्हणालं तर कर, नाही म्हणालं तर पुढच्या गुरुवारी परत जा. भाडं शून्य. यातून माणसं जमली की त्यांनाच विचार की आता कुठे बसू या आणि कधी बसू या.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट ठेव. फॉर्म भरून देणं आणि प्रार्थनेला येणं यांची कधीच, अगदी नकळतसुद्धा, सांगड घालायची नाही. जो प्रार्थनेला बसत नाही त्याचा फॉर्म आधी भर म्हणते मी. आणि खोलीतले फोटो चॅनलवर टाकायचे नाहीत, त्या पोराच्या गावाकडे कोण काय बघेल आणि त्याच्या आईबापांना कोण काय ऐकवेल याची तुला कल्पना नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो पण १८९३ ची गोष्ट तेवढी सांगत नाही. शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, त्यांनी १८८९ साली मुंबईत सुरू केलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती नाही असंच ठरलेलं होतं. पण रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला मुली येऊन बसायला लागल्या, गावात बोभाटा झाला, सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालक येऊन मुलींना घेऊन गेले. मी रमाबाईंना दोष देत नाही, प्रार्थनेच्या खोलीचं दार त्यांनी लावून घ्यायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण ज्या मुली परत नेल्या गेल्या त्यांची शाळा तिथेच संपली असेल, हे मला फार लागतं. म्हणून तू कोण आहेस, कुठल्या मंडळीचा आहेस, इथे का येतोस, हे पहिल्याच दिवशी उघड सांग. घरमालकालाही सांग. मागाहून कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

आता पाळकसाहेब. त्यांच्याकडे तू निरोप द्यायला गेला होतास की परवानगी मागायला की आशीर्वाद घ्यायला, हे तुझ्या पत्रावरून कळत नाही, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं नसेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) काही उठून आपले आपण निघालेले नाहीत. अंत्युखियाची मंडळी उपास करतेय, तिथे पाच जणांची नावं दिलीत, त्यातले दोघे वेगळे करा असं पवित्र आत्मा त्या सगळ्यांना सांगतो, आणि मग ते हात ठेवून पाठवतात. आणि चौदाव्याच्या शेवटी दोघे परत येऊन मंडळी जमवून सगळा वृत्तांत सांगतात. म्हणजे पाठवणारं कुणीतरी आहे आणि परत येऊन सांगायलाही कुणीतरी आहे. हे परत येऊन सांगणं आपल्याकडे राहूनच जातं. मी पुण्यात किती सेवा निघालेल्या बघितल्या, माणसं चांगली, मनापासून करणारी, पण "तुझं चुकतंय" म्हणणारं कुणी नव्हतं, कारण ज्यांचं ऐकलं असतं त्यांच्याशी बिनसूनच बाहेर पडले होते.

तेव्हा परत जा. यावेळी लोगो नको, खोल्यांबद्दल सांग, गुरुवारचं सांग, आणि विचार की तरुण संघातून मी बाजूला झालो तर जागा कोण घेईल, त्याला मी सहा महिने तयार करून देतो. सात वर्षं चालवलेलं काम तू कसं सोडतोस यावर ते तुला जोखणार, आणि तसं जोखावंच. इतकं करूनही ते तुटकच राहिले तर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या एखाद्या समंजस वडीलधाऱ्याला मध्ये घाल. वर्षभर वाट बघावी लागली तरी बघ. तरीही दार बंदच राहिलं तर दुसऱ्या एखाद्या जुन्या मंडळीच्या छायेखाली काम कर, पण उघड्यावर एकटा राहू नकोस.

आता माझं सांगते, हे मी सहसा लिहीत नाही. येरवड्यात आम्ही झोपडपट्टीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवायचो, एक खोली, चाळीस-पन्नास मुलं, संध्याकाळी सहा ते नऊ. चौदा वर्षं मी ती चालवली. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुणी म्हणालं ताई मी शनिवारी उघडतो, तर मी म्हणायची असू दे रे, मी आहे ना. मला ते प्रेम वाटायचं. मग एका जानेवारीत नगरला आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि मी तीन महिने तिकडेच राहिले. किल्ली लगेच पाठवली होती. पण कुठल्या मुलाला कुठलं गणित येत नाही, कुणाची फी कुठून येते, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, कुणाचा बाप दारू पिऊन येऊन दंगा करतो आणि त्याला कसं शांत करायचं, हे सगळं माझ्या डोक्यात, कागदावर काही नाही आणि दुसऱ्या कुणाला काही माहीत नाही. दोन पोरं उघडून बसायची, त्यांना मी चौदा वर्षांत एकदाही शिकवू दिलं नव्हतं. दोन आठवड्यांत मुलं यायची बंद झाली. मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती. त्या वर्षीची नऊ मुलं होती, त्यांची नावं अजून पाठ आहेत मला.

इथ्रो मोशेला हेच म्हणाला, निर्गम अठरा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक ताटकळत उभे आहेत, आणि सासरा म्हणतो हे करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. लोकही थकतील हे मी किती वर्षं वाचत होते आणि मला फक्त "तू थकशील" एवढंच दिसायचं. त्याने वाटणी करून दिली, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. तुझ्याकडे सध्या हजार नाहीत, दहा पण नाहीत, तेव्हाच हे बसवून टाक. दुसऱ्या गुरुवारपासून एकटा जाऊ नकोस, कुणालातरी बरोबर ने, आणि चौथ्या गुरुवारी त्याला एकट्याला पाठवून तू घरी बस. घरी बसणं तुला जड जाईल, मला फार जड गेलं होतं.

आणि बरोबर कुणाला घेशील तेही बघून घे. तुझ्या डोक्यात चिंचवडचे मित्र असतील, लोगो करणारा वगैरे. कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार आली ती ग्रीक बोलणाऱ्यांकडून, आमच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होतंय म्हणून. मग सात जण निवडले, त्यांची नावं वाच, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, सगळी नावं ग्रीक आहेत. ज्यांची कुरकुर होती बहुतेक त्यांच्यातल्यांच्याच हातात वाटप दिलं. तेव्हा वर्षभरात तुझ्या टीममध्ये लातूर-जालन्याकडची दोन-तीन पोरं नसतील तर काहीतरी गडबड आहे असं समज. ती अडखळत बोलतील, वेळेवर येणार नाहीत, शिफ्ट बदलली की गायब होतील, तरी त्यांनाच घे.

गाण्यांचंही थोडं सांगू दे, विषय निघालाच आहे. ही पोरं भजन, हरिपाठ, टाळ ऐकत मोठी झालेली आहेत. त्यांच्यासमोर इंग्लिशवरून उचललेल्या चालीची गाणी लावलीस तर ती टाळ्या वाजवतील पण गाणार नाहीत. आपल्याकडे नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले सगळे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील असं त्यांचं स्वप्न होतं, आणि १९१९ ला ते गेले. दरबाराचं नाव आज आपल्या किती मुलांना माहीत आहे? पण भजनं रविवारी अजून गातो आपण. एक पेटी आणि एक टाळाची जोडी घेऊन बघ, काय होतं ते मला कळव.

पैशाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण सेवा मोडताना मी सगळ्यात जास्त वेळा पैशावरून मोडलेली बघितली, आणि त्यात चोरी कधीकधीच असते. माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात लोक टाकायचे, मी त्यातून खर्च करायची. एकदा एका भावाने सगळ्यांसमोर विचारलं, मागच्या महिन्यात बावीसशे होते त्याचं काय झालं. एका मुलीची परीक्षा फी भरली होती, पण पावती नव्हती माझ्याकडे. मला राग आला, माझ्यावर संशय? मी काही उत्तरच दिलं नाही, उठून चहा करायला गेले. तो माणूस परत आला नाही. तो बरोबर होता आणि मी पण खोटी नव्हते, आणि तरी इतक्या वर्षांचा लोभ तुटला. त्यानंतर डबा मोजायला दोन माणसं, त्यात मी नाही, कार्बनची पावती बुकं, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर हिशेब. पौल किती काळजी घेतो बघ, करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात, वर्गणी न्यायला तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला भाऊ पाठवतो, म्हणजे प्रभूसमोर तर नीट असावंच पण माणसांसमोरही नीट दिसावं. पौलाला गरज वाटली तर तुला-मला वाटायला हवी. तुझ्या खात्यावर, तुझ्या गूगल पेवर सेवेचा एक रुपया घ्यायचा नाही. मंडळीच्या खात्यात घे, पाळकसाहेबांशी बोलून.

बाहेरच्या त्या भावांचा पैसा सध्या घेऊच नकोस. ते भारतीय पासपोर्टवाले असतील तर गोष्ट वेगळी, तरी सीएला विचारल्याशिवाय नको. परदेशी नागरिक असतील तर परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा २०१० आहे, गृहमंत्रालयाची नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या त्यासाठीच उघडलेल्या खात्यातच घ्यावा लागतो. "मित्राने पर्सनल पाठवले" असं म्हणून सेवेला वापरायचे, हे करू नकोस, त्यात तुझ्याबरोबर तुझी मंडळीही अडकेल. कायदा बाजूला ठेवला तरी विचार कर, दर महिन्याला एकाच माणसाकडून पैसा आला की हळूहळू त्याला फोटोत काय आवडेल तसं काम व्हायला लागतं. रमाबाईंना हे आधीच कळलं होतं. बॉस्टनच्या लोकांनी १८८७ साली असोसिएशन काढून दहा वर्षं मदत देऊ असं कबूल केलं होतं, आणि ती दहा वर्षं संपायच्या आत बाईंनी दौंड तालुक्यात केडगावला जमीन घेऊन विहिरी खणल्या, फळझाडं लावली, पुढे उत्पन्न सुरू व्हावं म्हणून. त्याच जमिनीवर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली राहिल्या. एखाद्या गुरुवारी दौंडच्या गाडीत बसून केडगावला जाऊन ये, रमाबाईंची ती संस्था, मुक्ती मिशन, बघून ये. रमाबाईंनी आपल्या मागे मुलगी मनोरमाबाई बघतील असं धरलं होतं, त्या १९२१ ला आईच्या आधी गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. काम आजही चालू आहे, शंभर वर्षं होऊन गेली. छापखाना, शेती, शाळा, सगळीकडे माणसं तयार होती. माझी अभ्यासिका दोन आठवड्यांत बंद पडली ते आठवलं की मी हे परत परत सांगते.

नोंदणीची घाई नको. दोन वर्षं काम टिकलं तर मग सोसायटी (नोंदणीकृत संस्था) कर, त्याला कमीत कमी सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. त्या सातांत तू, तुझी बायको आणि तुझा भाऊ असं करू नकोस. तुला मीटिंगमध्ये हरवू शकतील अशी माणसं घे. वर्षाचं ऑडिट, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, हे कंटाळवाणं असतं आणि ते न केल्याने चांगल्या चांगल्या संस्था कोर्टात गेलेल्या आहेत.

आणि खोल्यांवर सतरा वर्षांची पोरंही असतात, वय खोटं सांगून लागलेली. अठराच्या आतल्या कुणाबरोबरही तू किंवा तुझ्या टीममधला कुणी बंद खोलीत एकटा बसणार नाही, असा नियम पहिल्या दिवसापासून. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, त्याखाली एखादा प्रकार कळूनही न सांगणं हासुद्धा गुन्हा आहे, मंडळीचं नाव खराब होईल म्हणून झाकायचं नाही.

आता नोकरी. सोडू नकोस. पौल करिंथला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्याबरोबर तंबू शिवत होता हे तू तरुण संघात दहादा शिकवलं असशील. तुझ्या बाबतीत तर नोकरी हेच दार आहे. तू भोसरीत गळ्यात ओळखपत्र घालून फिरणारा माणूस आहेस, शिफ्ट तुला कळते, ठेकेदार तुला कळतो, उद्या नोकरी सोडून बॅग अडकवून खोलीवर गेलास की तू "चर्चवाला" होतोस. शिकायचं असेल तर बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ साली यवतमाळहून पुण्यात आली, तिथे जाऊन नोकरी सांभाळून काय करता येईल ते विचारून ये. पूर्णवेळाचं दोन-तीन वर्षांनी बघू, आणि तेव्हा ते तू एकट्याने ठरवू नकोस, मंडळीने म्हणावं की आम्ही तुला सोडतो आणि तुझ्या घराचं आम्ही बघतो.

घराचं म्हणाले म्हणून थांबते इथे. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात बायकोबद्दल तीन शब्द आहेत, "बायकोचा विरोध नाही". हॉलच्या भाड्याला जास्त जागा दिलीस रे. विरोध नाही म्हणजे काय? आपल्याकडे बाई कधी विरोध करते, पाळकसाहेबांसमोर तर कधीच नाही. मला माहीत आहे कारण मी पण नाही म्हणाले नव्हते. आमच्या लग्नानंतर यांनी एका सेवेत स्वतःला वाहून घेतलं तेव्हा मला विचारलं होतं, तुझी काही हरकत नाही ना, आणि मी "काही हरकत नाही" म्हणाले, आणि पुढची चार वर्षं दूधवाल्याला कुठल्या तारखेला पैसे द्यायचे हे माझं मला बघावं लागलं. त्यांना कधी कळलंही नाही. ते वाईट नव्हते, त्यांनी विचारलं होतं ना.

एक वर्षाचं बाळ आहे घरात. रात्री कोण उठतं? गुरुवारी संध्याकाळी तू दिघीच्या खोलीवर असशील तेव्हा ती कुठे असेल? तिची स्वतःची नोकरी होती का, बाळासाठी सोडली का, परत जायचंय का? तिला या सेवेत यायचंय का, की तिला दुसरंच काही करायचंय आणि तिने ते अजून तुझ्यासमोर काढलेलं नाही? हे तिला विचार, पण बाळ झोपल्यावर, मोबाईल आतल्या खोलीत ठेवून, आणि ती जे म्हणेल त्यावर त्या रात्री उत्तर देऊ नकोस, बायबलचं वचन काढून दाखवू नकोस. दोन दिवस ते तसंच मनात राहू दे.

हॉलवाल्याला टोकन दिलं असशील तर जाऊन बोल, सगळं नाही तर अर्धं तरी परत दे म्हणावं. आणि पुढचं पत्र तू लिहू नकोस, तिला लिहू दे, तुला न दाखवता टाकू दे. मी वाट बघते.

तुझी ताई